वापरावे की राखावे?



वसंत व्याख्यानमालेत मोटारगाडीवर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. परंतु हा प्रश्न एकट्या मोटारीचा नाही. सणासुदीलाच निघणारी पैठणी, पाहुण्यांसाठी ठेवलेले चांदीचे ताट, कपाटातला चांगला गालिचा; प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू असते, की जी आपली असूनही आपण तिच्याजवळ परक्यासारखे वागतो. मोटार एवढ्याचसाठी निवडली, की तिच्यापायी माझा एक मित्र आणि मी प्राणाला मुकता मुकता वाचलो.

या मित्राने वीस-बावीस वर्षांपूर्वी दोन आसनांची, उघड्या टपाची एक परदेशी बनावटीची मोटार घेतली. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. गाडी आली, दारापुढे पूजा झाली, आणि लवकरच ती आच्छादनाखाली गेली. “रनिंग वाढले की किंमत उतरते,” असे तो म्हणे. आणि “बरोबर आहे, राखून ठेवा,” असे म्हणणारा मी होतो. इतक्या वर्षांत गाडी नऊ हजार किलोमीटरही चालली नाही.

एका चैत्रात आम्हांला हुरूप आला. गाडी बाहेर काढली आणि बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालो. राजूर घाटाची उतरण लागण्यापूर्वीच ब्रेकचे पायडल तळाशी गेले. रस्ता अजून सपाट होता म्हणून हँडब्रेक ओढून गाडी थांबली. आणखी थोडे पुढे गेलो असतो, तर आजचे व्याख्यान दुसऱ्या कोणी दिले असते.

मिस्त्रीने चाके खोलून दाखविली. ब्रेकची रबरे वाळून कडक झाली होती. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ते वेळच्या वेळी बदलले नाही, तर आतले धातूही गंजतात. टाकीतले पेट्रोल चिकट झाले होते. टायरांची नक्षी नव्यासारखी, पण बाजूंना बारीक भेगा! टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती खूण वाचल्यावर कळले, की टायर झिजले नव्हते, म्हातारे झाले होते. किलोमीटरचा आकडा थांबला, म्हणून काळ थांबत नाही.

आपल्या जिल्ह्याला तर हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि मेहकर-सिंदखेडराजाकडून काँक्रीटचा लांबलचक रस्ता आपल्या दारी आला. वैशाखातले आपले ऊन, तापलेले काँक्रीट, आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे टायर, यांची गाठ वेगात पडू देऊ नये.

आता दुसरी बाजू. राखणारे सगळेच वेडे असतात, असे मी म्हणणार नाही. गोव्यात सॅन कंपनीने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी मोटार बनविली होती. तिचे अंग फायबरग्लासचे. ती आता बनत नाही. अशा गाडीचा मूळ रंग, मूळ गादी, कारखान्यातून आलेला प्रत्येक स्क्रू हा एक पुरावाच असतो. नवा रंग कितीही वेळा देता येईल, मूळ रंग मात्र एकदाच असतो. उद्या कोणाला त्या काळची कारागिरी अभ्यासायची झाली, तर एखादी तरी गाडी जशीच्या तशी उरली पाहिजे.

परंतु एक भेद करू या. आपले लोणार पाहा. ते कोणी वापरासाठी घडविले नाही. उल्केच्या आघाताने बेसाल्टात झालेले ते विवर आहे. तिथे हात न लावणे हेच रक्षण. मोटार मात्र धावण्यासाठीच घडविली गेली. तिच्यातले तेल फिरले तरच तिचे सांधे ओले राहतात. लोणारचा न्याय मोटारीला लावणे म्हणजे घोड्याला देव्हाऱ्यात बांधणे होय.

कोल्हापूरकरांनी यातून मध्यममार्ग काढला आहे. छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याला मिरवणुकीने दसरा चौकात येते. एरवी तिची निगा राखली जाते. पण त्या दिवशी ती आपल्या चाकांवर येते, आणि लोक ती डोळे भरून पाहतात. ती नुसती काचेआड असती, तर एवढी माणसे तिची वाट पाहत उभी राहिली असती का?

कायद्याकडेही पाहा. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे वस्तूला म्हातारपणचा मान मिळतो, तेव्हा तिचे मोकळे हिंडणे संपते. हिंडायचे ते त्याच्या आधी.

आणि माणसाचे काय? आमच्या मित्राची गाडी दुरुस्त झाली. नवे टायर आले, ब्रेकचे तेल बदलले. पंधरवड्यातून एकदा इंजीन पुरते तापेल एवढी फेरी मारायची, असे ठरले. कारण दारातच पाच मिनिटे सुरू करून बंद केली, तर आतली वाफ आतच राहते व अपायच होतो. पण तोवर मित्राच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितले. गाडी सुधारली, मालकाची वेळ निघून गेली. आता त्याची कन्या चालवते, आणि तो शेजारी बसून गिअर बदलल्याचा आवाज ऐकतो. परवा मला म्हणाला, “किंमत राहिली रे, पण कोणासाठी राहिली?”

मला उत्तर देता आले नाही, कारण राखायचा सल्ला माझाच होता. आज तो आपल्यासमोर परत घेतो. राखावे अवश्य, पण वापरता येईल असे राखावे. घरी गेल्यावर कपाटातली ती एक वस्तू बाहेर काढा, एवढीच विनंती. आणि ती मोटार असेल, तर आधी ब्रेक तपासा!