गोळी दिली, सांगितलं का?

रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो पाच-दहा मिनिटं. गोळ्या मात्र तो महिनोन् महिने घरी, स्वतःच्या हातानं घेत असतो. या दोहोंच्या मधे उभा असतो औषध दुकानातला फार्मासिस्ट. आज त्याच्याविषयी, म्हणजे माझ्याच धंद्याविषयी, थोडं बोलायचं आहे.

माझं दुकान सोलापुरात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत. गिऱ्हाईक कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी उर्दू, कुणी मराठी. चिठ्ठी मात्र इंग्रजीत.

एकदा विड्या वळणाऱ्या एक अक्का आल्या. तोंड आलं होतं, लावायला मलम मागत होत्या. तोंडातले फोड पाहून मी विचारलं, "अक्का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. मेथोट्रेक्सेट. आमवातावरची ही चांगली गोळी. पण ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. अक्का आठ दिवस रोज घेत होत्या! चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. जिथून गोळ्या घेतल्या, तिथं तोंडी कुणी काही सांगितलं नव्हतं. ही गोळी रोज पोटात गेली तर शरीरात रक्ताच्या पेशी तयार होणंच मंदावतं, जीवही जाऊ शकतो. तोंड येणं ही धोक्याची खूण. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मुलाबरोबर अक्कांना तडक दवाखान्यात पाठवलं. वाचल्या. पुढं डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा मुलानं पाकिटावर तेलुगूत वार लिहून घेतला.

इतका जिवावरचा प्रसंग रोज येत नाही. रोजचे घोटाळे साधे असतात. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहिलेली शुगरची एकच गोळी दुप्पट घेतली जाते. बीपीच्या गोळीबरोबर गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी चालू असते, मग बीपी उतरत नाही. रात्रपाळीच्या कामगाराला 'सकाळी एक' म्हणजे कामावरून आल्यावर की झोपून उठल्यावर, हे कुणी सांगितलेलंच नसतं. उपवास, रोजे यांच्या दिवसांत तर शुगरच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना आधी विचारूनच ठरवायला हवं.

मी एक वही ठेवतो. कोण कोणती गोळी घेतं आणि ती कधी संपणार, एवढंच त्यात असतं. तीस दिवसांच्या गोळ्या नेलेला माणूस पन्नासाव्या दिवशी आला, की समजायचं, मधे खाडे झाले. रागावून उपयोग नसतो. विचारलं की कारण कळतं : कधी पैसे नसतात, कधी गोळीनं चक्कर येते, तर कधी 'आता बरं वाटतंय'. बदल डॉक्टरच करतील, पण त्यांना कळवायला तर हवं!

अमेरिकेत ॲशव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या नगर प्रशासनानं 1996 पासून आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना शेजारच्या फार्मासिस्टांशी जोडून दिलं आणि त्यांना या समजावण्याचे वेगळे पैसे दिले. शुगर आटोक्यात आली, आजारपणाच्या रजा घटल्या, उपचारांचा एकूण खर्चही उतरला. आपल्याकडे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाशी बोलणं हे फार्मासिस्टचं कामच मानलं आहे. पण बोलण्याचे पैसे कुणी देत नाही. मिळतात ते पट्टीचे, त्यातही सवलतीची चढाओढ. काही ठिकाणी तर फार्मासिस्टचं फक्त प्रमाणपत्र भिंतीवर असतं, माणूस नसतो. हा प्रकार मला चीड आणतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घालून दुकानात आणा. प्रमाणपत्रावरच्या नावाचा माणूस कोण, ते खुशाल विचारा. दुपारी तीन ते पाच या वेळेत या. तेव्हा गर्दी कमी असते.