हिरवी वाट, लाल वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याचा मला मुळीच सराव नाही. परदेशातून संगणक कसा आणला ही हकीगत मी हळदीकुंकवाला सहज सांगितली, आणि चिटणीसबाईंनी आग्रह धरला की हे सगळ्यांपुढे सांगा. आता आपल्या पाचोऱ्यातही गल्लीगल्लीत कुणाचा मुलगा, कुणाची लेक परदेशी आहे. आपण जाताना बिबड्या नि लोणचे नेतो. येताना काय काय येते हे तुम्हांला सांगायला नको.

गोष्ट २०२४ सालची. लेकीच्या लेकीला, माझ्या सोळा वर्षांच्या नातीला घेऊन मी मुलाकडे अमेरिकेस गेले होते. निघताना मुलाने मला एक नवा लॅपटॉप दिला आणि भाचीला टेबलावर ठेवायचा छोटा संगणक. छोटा म्हणजे केवढा? आपल्या मसाल्याच्या डब्याएवढा. पडदा निराळा जोडायचा. किंमत आपल्या पैशांत साठ हजार. पोरीला संगणकावर चित्रे हलवण्याची विद्या शिकायची होती, आणि तेवढ्यासाठी ती वर्षभर मामाच्या मागे लागली होती.

विमानात शेजारच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "काकू, खोका टाकून द्या. डबा पिशवीत घाला आणि हिरव्या वाटेने सरळ चालू लागा. तुमच्यासारख्या वयस्क बाईंना कोण अडवतंय?" खोटे कशाला सांगू, मला ते पटले. नातीने खोका फोडायला घेतलाही.

तेवढ्यात मला लहानपणीचा जकात नाका आठवला. तुमच्यापैकी पोक्त बायकांना ते नाके आठवत असतील. मुंबईत तर १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत जकात होती. आमची बैलगाडी नाक्याजवळ आली की मोठी माणसे तुपाचा डबा कडब्याखाली सारीत, आणि आम्हां मुलांना गप्प बसायला सांगत. डबा सुटे; पण वडीलधारी माणसे नजर चोरतात हे मी पहिल्यांदा तिथे पाहिले, ते आजवर विसरले नाही. आता माझ्याकडे नात बघत होती. मी म्हटले, "खोका राहू दे. बिल वर काढून ठेव."

भगिनींनो, नियम समजून घेतला तर भिण्यासारखे काही नाही. कायदा १९६२ चा आहे. आपल्या सामानात काय आहे ते प्रवाशाने आपण होऊन सांगावे, हे त्याचे मूळ. शुल्क लागण्याजोगे काही नसेल त्याने हिरव्या वाटेने जावे, असेल त्याने लाल वाटेने. म्हणजे हिरव्या वाटेवर पाऊल टाकणे हेच "माझ्याजवळ काही नाही" असे सांगणे झाले. ते खोटे ठरले तर वस्तू जप्त होऊ शकते, दंड होतो तो निराळाच.

वय अठरा पूर्ण असलेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालणारी अधिसूचना निघाली, तेव्हा आमच्या घरीही घबराट झाली. पण प्रवाशाच्या सामानातला लॅपटॉप त्यातून वगळलेला होता. तेव्हा माझा लॅपटॉप सुटला. टेबलावरचा संगणक मात्र, कितीही लहान असला तरी, लॅपटॉप नव्हे. तो साधारण सवलतीत धरतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे ती सवलत माणशी पन्नास हजारांची होती. मला वाटले, आम्ही दोघी, म्हणजे एक लाख झाले! पण तसे नाही. एकीची सवलत दुसरीच्या सवलतीत मिळवता येत नाही.

लाल वाटेवर रांग फारशी नव्हती. अधिकाऱ्यांनी बिल पाहिले, खोका पाहिला. बाकीच्या किरकोळ भेटवस्तू माझ्या सवलतीत बसल्या. नातीच्या संगणकाचे पन्नास हजार वजा जाता उरले दहा हजार. त्यावर तेव्हाचा दर पस्तीस टक्के आणि अधिभार धरून साडेअडतीस टक्के, म्हणजे तीन हजार आठशे पन्नास रुपये. पैसे भरले, पावती घेतली. ज्या भीतीने मी विमानात दोन तास डोळा मिटला नव्हता, ती अर्ध्या तासात संपली.

गाडीत नात म्हणाली, "आजी, त्या काकांचे ऐकले असते तर एवढे पैसे वाचले असते." मी म्हटले, "वाचले असते. पण मग पाचोऱ्यापर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवता आली नसती." ती हसली. तो संगणक आता तिच्या टेबलावर आहे, आणि पावती तिने आपल्या हाताने जपून ठेवली आहे.

फेब्रुवारी २०२६ पासून ही सवलत पंच्याहत्तर हजारांची झाली आहे. तेच सामान आता आणले असते तर एक पैही पडली नसती! म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्या. नव्या वस्तूचे बिल हाताशी ठेवा. इथून दागिना किंवा किमती वस्तू नेत असाल, तर जातानाच विमानतळावर तिचे निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत आणताना वाद नको. आणि दुसऱ्याने दिलेला बंद खोका "तेवढा पोचवा हो" म्हणून हाती आला, तर नम्रपणे नाही म्हणा. ओळख कितीही जुनी असो, उत्तर तुम्हांलाच द्यावे लागेल.

इंग्रजी येत नाही म्हणूनही कचरू नका. मी मराठीतच बोलले, आणि काम झाले.