पेंढा, बुरशी आणि दुभते जनावर
(मलकपेठ, हैदराबाद येथे मराठी भाषिकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मलकपेठचा बाजार महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परका नाही. आपल्याकडील कांद्याच्या गाड्या येथे रित्या होतात. आणि १९५६ पर्यंत तर मराठवाडा व हे शहर एकाच राज्यात नांदत होते. आजच्या विषयाचा प्रारंभही मी याच शहरातील वैरणबाजारापासून करतो.

२००४-०५ मध्ये संशोधकांनी हैदराबादेत विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याची तपासणी केली. शंभरात ४७ भाग पचणाऱ्या कडब्यापेक्षा ५२ भाग पचणाऱ्या कडब्याला सुमारे पाव हिश्श्याने अधिक दर मिळत असल्याचे त्यांना आढळले. अवघ्या पाच भागांचे एवढे मोल! मग जो निम्मा भाग न पचता शेणावाटे जातो, त्याचे मोल किती असेल?

हा भाग का पचत नाही? काडातील तंतुद्रव्य पचविण्याची शक्ती रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्म जीवांत आहे. परंतु त्या तंतूंभोवती लिग्निन नावाच्या काष्ठद्रव्याचे कवच असते, आणि ते त्यांना फुटत नाही. निसर्गात हे कवच फोडण्याचे कार्य मुख्यतः काही बुरशी करतात. आपण खातो ती धिंगरी अळंबी त्यांच्यापैकीच एक होय. दक्षिण चिली देशातील अरण्यांत अशा बुरशीने मऊ व पांढरे पडलेले लाकूड गुरे आवडीने खातात.

हेच कार्य गोठ्याजवळ घडवून आणता येईल काय? १९८० च्या दशकात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेने तसा प्रयत्न केला. प्रथम युरियाने मुरविलेल्या काडावर कोप्रिनस नावाची बुरशी वाढविण्यात आली. युरियातील नत्रापासून बुरशीने प्रथिने तयार करावीत, अशी कल्पना होती. कल्पना चांगली, परंतु बुरशीलाही भूक असतेच! वाढताना ती पेंढ्याचाच काही भाग फस्त करते. पचनीयतेत मिळालेला लाभ या तुटीत जिरून गेला, म्हणून ही पद्धत शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही. लिग्निन अधिक व तंतुद्रव्य कमी खाणाऱ्या बुरशीचा शोध आजही चालू आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो. बुरशी उपयोगी आहे असे ऐकून भिजलेला, काळा-हिरवा पडलेला कडबा कोणीही दावणीला टाकू नये. प्रयोगशाळेतील निवडलेली बुरशी वेगळी आणि गंजीत आपोआप माजलेली बुरशी वेगळी. बुरशीने खराब झालेल्या भाताच्या पेंढ्यामुळे म्हशींचे कान, शेपटी व खूर सडविणारा डेगनाला रोग होतो, असे मानले जाते. काही बुरशींचे विष तर दुधावाटे आपल्या मुलाबाळांपर्यंत येते. अळंबी काढून उरलेल्या पेंढ्याबाबतही हीच दक्षता हवी. तो फॉर्मॅलीन किंवा बुरशीनाशकाने निर्जंतुक केलेला असेल, तर त्याचे खत करावे. जनावरास घालू नये.

मग आज हाती काय आहे? युरियाची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडावा, ढीग तुडवून घट्ट करावा आणि हवा लागणार नाही असा २१ दिवस झाकून ठेवावा. घालण्यापूर्वी वैरण मोकळी पसरून उग्र वास जाऊ द्यावा. ती मोठ्या गाईम्हशींना हळूहळू सवयीची करावी. लहान वासरांना व घोड्यांना देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागल्यास प्राणावर बेतते, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे.

शिक्षक बंधूंनी ही कृती विद्यार्थ्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी पहिल्या ढिगाच्या वेळी शेतकऱ्याजवळ उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. बुरशीवरील संशोधन यशस्वी होईल तेव्हा तिचे स्वागत करूच; तोवर गंजी कोरडी राखणे आणि पेंढा मुरविणे आपल्याच हाती आहे.