दहा-वीस रुपयांचा कपडेबाजार

जुने कपडे देऊन भांडं घ्यायचं, हा बोहारणीशी होणारा सौदा आपल्यापैकी बहुतेकांनी घरी पाहिलाय. अशाच जुन्या कपड्यांसाठी २०१५च्या अखेरीस इराणमधल्या मशहद शहरात एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या गेल्या: नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. कल्पना चांगलीच, पण फुकट घ्यायला तरुण पोरं लाजतात.

म्हणून परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी एक दिवसाचा बाजारच भरवावा. कपडे धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं लावून मांडायचे. किंमत दहा-वीस रुपये. घासाघीस चालेल! घालून बघायला आडोसा आणि आरसा मात्र हवाच. मुलांची एकमेकांशी खरी ओळख होईल ती आदल्या संध्याकाळी, कपडे निवडताना. खेड्यांतून एसटीनं येणारी आणि गावातली मुलं एकाच ढिगाशी बसतील, मुलाखतीचा शर्ट कुणाला होतो ते पाहतील.

शिवाय जुना कपडा पुन्हा वापरला की पाणीही वाचतं: एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. कापूस पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्याला पाण्याचं मोल वेगळं काय सांगायचं! आणि हो, फाटके कपडे विक्रीला ठेवू नका. ते गोधडीसाठी बाजूला काढा.