जुनी बंदूक आणि तिचे काडतूस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



बंदुकीचे आयुष्य तिच्या पोलादावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बंदूक बहुधा मरते ती काडतुसावाचून. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचेच पाहा. खालची तरफ ओढावी, एक काडतूस सरकवावे, तरफ मिटावी आणि बार काढावा, इतकी ती सुटसुटीत. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारात धूळ खात पडलेल्या अशा हजारो बंदुका २००३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. कित्येकींचे पोलाद शाबूत होते. काडतूस मात्र सामान्य बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले!

त्या काडतुसाची पुंगळी प्रथम पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत उष्म्याने व वाळूने ती बंदुकीत अडकू लागली, सैनिकांच्या जिवावर बेतले, आणि पुढे अखंड पितळेची पुंगळी आली. आत ८५ ग्रेन काळी दारू आणि वर अडीच तोळ्यांहून जड अशी शिशाची गोळी.

आजचे हौशी कारागीर छऱ्याच्या बंदुकीची २४ बोअरची पितळी पुंगळी घेतात, तिचे तोंड तापवून मऊ करतात आणि साच्यांतून टप्प्याटप्प्याने दाबून तिला बाटलीसारखा गळा आणतात. घाई केली की पितळ सुरकुतलेच. गोळी ओतण्यापूर्वी नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून तिचे खरे माप घ्यावे लागते. पुस्तकातले माप आणि झिजलेल्या नळीचे माप क्वचितच जुळते.

खरा धोका दारूचा. काळ्या दारूच्या जागी आधुनिक धूरविरहित दारू तेवढ्याच मापाने भरली, तर बंदूक झाडणाऱ्याच्या तोंडावरच फुटावयाची. हे आवर्जून सांगतो, कारण आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर आजेपणज्यांच्या बंदुका असतील, आणि एखादा उत्साही नातू 'एक बार काढून पाहू' म्हणेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये चालती बंदूक वा काडतूस परवान्यावाचून बाळगणे हा गुन्हा आहे. इंग्लंडचा कायदा मोठा मार्मिक: अशी बंदूक शोभेसाठी भिंतीवर टांगली तर परवाना नको; झाडावयाची म्हटले की हवा.

परवानाधारकानेही ती आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. पहिला बार खांद्याला लावून काढू नये. बंदूक घोडीला घट्ट बांधून दुरून दोरीने चाप ओढावा. आणि त्याच सायंकाळी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल द्यावे. काळ्या दारूची काजळी ओल शोषते. कोकणच्या हवेत एका रात्रीत गंज चढतो.