सासूबाईंचा अर्ज

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "परवा जिन्यात जे सांगितलेत तेच इथे सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. मामंजींच्या मागे पेन्शनचे कागद, घरपट्टी, वाण्याची वही, सारे त्यांनीच सांभाळले. २०२५ च्या जून महिन्यात एका कचेरीने कळविले की, पत्ता बदलल्याचा अर्ज आता ऑनलाइनच भरावा. कचेरीचे नाव मी घेत नाही. सासूबाई चष्मा लावून फोन घेऊन बसल्या.

जन्मतारखेपाशीच गाडे अडले. समोर चालू महिन्याचे कॅलेंडर उघडले. मागे जायला एक इवलासा बाण. एकदा दाबला की एक महिना मागे. त्यांचा जन्म १९४४ च्या जूनमधला. हिशेब करा भगिनींनो, ८१ वर्षे गुणिले १२, म्हणजे ९७२ वेळा बोट दाबायचे! वरच्या सालावर दाबले की साल बदलता येते, हे तिथे कुठेही लिहिलेले नव्हते.

ते जमले, तर पुढे ओटीपी. संदेश वाचायला बाहेर गेल्या, परत येईतो वेळ संपली आणि भरलेले सगळे पुसले गेले. तीनदा असे झाले. तेव्हा फोन माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "तूच भर गं. माझी बुद्धीच चालेनाशी झाली." ज्या बाईने चार मुलांची लग्ने पै-पैच्या हिशेबाने पार पाडली, तिच्या तोंडून हे ऐकून मला फार वाईट वाटले.

माझी भाची असले अर्ज तयार करण्याचेच काम करते. ती दिवाळीला आली तेव्हा मी तिला चांगलेच फैलावर घेतले. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, चूक आजींची नाही, अर्जाची आहे." ब्रिटनच्या सरकारी अर्जांत जन्मतारखेला दिवस, महिना, साल असे तीन साधे चौकोन असतात, आकडे लिहायचे की झाले. वेळ संपत आली तर आधी विचारावे आणि एका खुणेने ती वाढवून द्यावी, असा जगभर मानला जाणारा नियमच आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते, म्हणून पांढऱ्यावरची फिकट अक्षरे म्हाताऱ्या माणसाला दिसत नाहीत. चौकोनात काय लिहायचे ते चौकोनाच्या आत नव्हे, वर लिहावे. आतले लिहू लागताच नाहीसे होते आणि मग आठवत बसावे लागते. आणि "माहिती चुकीची आहे" एवढेच लाल अक्षरांत ओरडण्यापेक्षा कुठली, ते सांगावे. (हे शेवटचे घरातल्या पुरुषमंडळींनाही लागू आहे!)

मनात आणले तर बदल होतो. हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची 'जीवन प्रमाण' सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. पण वयाने आणि कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली. तिथेही डोळ्यांची उघडझाप साऱ्यांनाच जमते असे नाही. बँकेच्या वगैरे ओळख-पडताळणीत ज्यांना ती जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला बजावले.

शेजारच्या दुकानातल्या पोराकडून भरून घ्या, असे कोणी म्हणतील. पण मग ओटीपीही त्यालाच सांगावा लागतो, आणि ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. सासूबाईंना ते पटत नाही, आणि मलाही नाही.

भाची म्हणते, अर्ज करणारे सगळे पंचविशीतले. आजीबाईंच्या शेजारी बसून पाहिल्याशिवाय त्यांना अडचण कळत नाही. तेव्हा येत्या शनिवारी दुपारी चार वाजता ती मंडळात येणार आहे. एक नवा अर्ज ती साठीपुढच्या भगिनींकडून भरून घेईल, खोट्या नावापत्त्याने, आणि कुठे अडले ते लिहून घेईल. सासूबाईंनी पहिला नंबर लावला आहे. येताना वाचायचा चष्मा तेवढा आणावा.