गिऱ्हाइकाची निष्ठा आणि मालकाची कात्री



कामगाराचा भत्ता कापला, तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी सभा भरते. गिऱ्हाइकाच्या हातातील वस्तूतून मात्र एकेक सोय कापली जाते आणि तेच गिऱ्हाईक पहाटेपासून दुकानापुढे रांग लावते. हे कसे होते, एवढेच आज आम्ही मांडणार आहोत.

मोबाइल फोनला हेडफोनची वायर लावण्याचे साडेतीन मिलिमीटरचे एक भोक असे. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळापासूनचे ते. कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हे. कोणाचाही हेडफोन कोणाच्याही यंत्राला चाले. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते काढले. कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून त्याला 'धैर्य' म्हटले! त्याच सभेत बिनवायरीचे एअरपॉड्स १५९ डॉलरला जाहीर झाले. जुनी वायर जोडण्याचा तुकडा आधी पेटीत मिळे. २०१८ पासून त्याचेही वेगळे ९ डॉलर. यंत्रात जागा हवी होती, असे कंपनीचे म्हणणे. काही अंशी ते खरेही असेल. आम्ही अभियंते नाही. पण हिशेब आम्हांला समजतो.

सॅमसंगने २०१७ च्या जाहिरातीत या गोष्टीची थट्टा केली आणि २०१९ मध्ये आपल्या नोट १० मधून तेच भोक बुजवले. इकडे दोन्हींची गिऱ्हाइके आपापल्या कंपनीसाठी एकमेकांशी भांडत राहिली. दोन खात्यांतले कामगार आपसांत भांडावेत, यासारखे मालकाला दुसरे सुख नाही.

खरा धडा आम्हांला मेमरी कार्डाच्या खाचेत दिसतो. सॅमसंगने २०१५ मध्ये एस ६ मधून ती काढली. गिऱ्हाइके कुरकुरली, आणि २०१६ मध्ये एस ७ मध्ये ती परत आली. विजय झाला म्हणून सारे घरी गेले. २०२१ मध्ये एस २१ मधून ती पुन्हा गेली. आमच्या धंद्यात याला लेखी करार न करता संप मागे घेणे म्हणतात.

गिऱ्हाइकाला आम्ही मूर्ख म्हणत नाही. त्याची छायाचित्रे, निरोप, विकत घेतलेले प्रोग्राम एका कंपनीच्या कोठारात अडकलेले असतात. बिऱ्हाड हलवणे महाग पडते, म्हणून भाडेकरू त्याच घरात राहतो आणि घरमालक म्हणतो, पाहा, याची माझ्यावर किती निष्ठा!

लेखी करार कोठे झाला? ब्राझीलच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यास बंदी केली व दंड ठोठावला. युरोपीय संघाने त्याच वर्षी कायदा केला, की २८ डिसेंबर २०२४ पासून सर्व नव्या फोनांना एकच, यूएसबी-सी जातीचे चार्जिंगचे तोंड हवे. ॲपलने विरोध केला होता. पण मुदतीच्या वर्षभर आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला ते तोंड आले, आणि तोच फोन आपल्याही बाजारात विकला गेला.